पुस्तक पहिलं, वर्ष चौथं

या शनिवारी खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं. पण गेल्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो आणि तिथे आलेल्या एका बाईंनी पुरी मोडता मोडता एक वाक्य टाकलं. ते आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. वाक्य असं: "अगं बाई, तीन वर्षं लॅटिन करून हा अजून पहिल्याच पुस्तकात?"

'हा' म्हणजे माझा भाचा. वय वर्षे अकरा. तो तिथेच बसला होता. श्रीखंड खात होता, ते खायचं थांबला. कान लाल झाले त्याचे. ताईने विषय बदलला, जिजाजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मी, जो एरवी कुठल्याही विषयावर दीड तास बोलू शकतो, तो गप्प बसलो. तेव्हा न दिलेलं उत्तर आज इथे देतोय. जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी. ताई म्हणजे माझी मावसबहीण. डलासच्या उत्तरेला राहते. मी प्रोजेक्टवर इकडे आल्यापासून माझा रविवार तिच्याकडे असतो, कारण वरण-भात. भाच्याला तिने तिसरीतून शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. टेक्ससमध्ये हे फार सोपं आहे. १९९४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं की घरची शाळा ही खाजगी शाळाच धरायची. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्रासारखा एक विषय एवढं शिकवायचं, बस. नोंदणी नाही, सरकारी परीक्षा नाही, कोणी साहेब दप्तर तपासायला येत नाही.

आणि मग लॅटिन. तुम्ही म्हणाल, मराठी घरातल्या पोराला लॅटिन कशाला? मीही म्हटलं होतं. "संस्कृत सोडून लॅटिन? आजोबांना काय वाटेल!" वगैरे. पण इकडे घरी शिकवणाऱ्यांमध्ये 'क्लासिकल' पद्धतीवाल्यांचा मोठा पंथ आहे. डोरोथी सेयर्स नावाच्या इंग्लिश लेखिकेने (रहस्यकथा लिहायच्या त्याच) १९४७ मध्ये ऑक्सफर्डला एक भाषण केलं, त्यात लॅटिनचं व्याकरण हा शिक्षणाचा पाया म्हणून मांडला. १९९९ मध्ये जेसी वाइज आणि सुझन वाइज बाउअर या मायलेकींचं 'द वेल-ट्रेन्ड माइंड' आलं, आणि घरोघरी वेळापत्रकात लॅटिन बसलं. ताईच्या आसपासच्या आया आठवड्यातून एकदा मुलांना एकत्र आणून शिकवतात, त्यात लॅटिन होतं, म्हणून भाच्याने घेतलं. त्याला आवडलंही. लॅटिन हवं की नको हा वाद आज नाही. लॅटिनऐवजी संस्कृत घाला, पियानो घाला, गणित घाला, माझं म्हणणं तेच राहील.

प्रश्न एवढाच: आधी काही शिकलेल्या मुलाला पुढचं पुस्तक कितवं द्यायचं?

आणि माझं उत्तर एवढंच: किती वर्षं झाली, किती पुस्तकं संपली हे विचारू नका. त्याने आजवर न पाहिलेलं वाक्य त्याच्यापुढे ठेवा आणि ते त्याला वाचता येतं का बघा. जिथे वाचता येणं थांबतं, तिथलं पुस्तक द्या. मग त्यावर 'पहिलं' लिहिलेलं असो नाहीतर 'चौथं'.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं असतं. पण मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये ताईने हाच प्रश्न मला विचारला तेव्हा मी नेमकं उलटं सांगितलं होतं. म्हणून हा लेख त्या बाईंच्या विरोधात आहे तितकाच माझ्याही विरोधात आहे.

झालं असं. तीन वर्षांत लहान मुलांसाठीची दोन पुस्तकं पूर्ण झाली होती. पुढच्या मालिकेत जायचं होतं. पहिलं घ्यायचं की दुसरं? मी इंजिनिअर, त्यामुळे कोणी न विचारता एक्सेल उघडायची सवय. दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका घेतल्या, रकाने केले, हिरवे-पिवळे रंग भरले. पहिल्या पुस्तकातली बरीच नावं भाच्याने 'केलेली' होती. मी अत्यंत आत्मविश्वासाने निकाल दिला: "तीन वर्षांचा अनुभव आहे त्याला. दुसरं घे. पहिल्यात वेळ वाया जाईल." ताई खूश. मीही खूश. भाच्याला कोणी विचारलंच नाही.

सप्टेंबर बरा गेला. ऑक्टोबरमध्ये त्याचं लॅटिनच्या दिवशी पोट दुखायला लागलं. मग वही सापडेनाशी व्हायला लागली (एकदा कपडे वाळवायच्या मशीनच्या मागे सापडली). आणि मग नोव्हेंबरात चमत्कार झाला, सगळे स्वाध्याय बरोबर यायला लागले. ताईने फोटो पाठवला, सुंदर अक्षरात, एकही चूक नाही. त्या रविवारी मी कौतुकाने एका कागदावर तीन शब्दांचं एक वाक्य लिहून त्याला दिलं. त्याने ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मामा, हे पुस्तकात नाहीये."

उत्तरांचं पुस्तक कपाटात कुठे ठेवलंय ते त्याला सापडलं होतं, हे वेगळं सांगायला नकोच.

ताई त्याला ओरडली. मी ओरडू शकलो नाही, कारण त्याला तिथे नेऊन बसवणारा मी होतो. अकरा वर्षांच्या मुलाने काय करायचं? त्याच्याकडे दोनच रस्ते होते: मला येत नाही हे आईला सांगायचं, किंवा येतंय असं दाखवायचं. आपण त्याला 'दुसऱ्या पुस्तकातला मुलगा' म्हणून इतकं नावाजलं होतं की पहिला रस्ता त्याला दिसलाच नसणार.

आता माझं एक्सेल कुठे चुकलं ते सांगतो, कारण तीच चूक सगळे करतात.

चूक पहिली: वर्षं मोजली, तास मोजले नाहीत. एकत्र येऊन शिकायचे ते आठवड्यातून एकदा, पाऊण तास. वर्षाचे साधारण ३० आठवडे. म्हणजे वर्षाला साडेबावीस तास आणि तीन वर्षांचे मिळून साडेसदुसष्ट. एखाद्या शाळेत आठवड्याला पाऊण तासाचे पाच तास असतील आणि वर्ष ३६ आठवड्यांचं, तर एका वर्षात १३५ तास होतात. भाच्याची 'तीन वर्षं' म्हणजे तिथलं अर्धं वर्ष! त्यात मधल्या तीन उन्हाळ्यांत विसरलेलं वजा करा. हे गणित तिसरीतल्या पोराला येईल. मला सुचलं नाही, कारण 'तीन वर्षं' हा शब्द ऐकायला बरा वाटत होता. आपल्या धंद्यातही हेच चालतं की. रेझ्युमेवर 'जावा – ६ वर्षे' असतं, आणि समोर कोरा कागद ठेवून एक साधं लूप लिहा म्हटलं की घाम फुटतो. तिथे आपण हसतो. पोराच्या बाबतीत मात्र आपणच त्याचा रेझ्युमे फुगवतो.

चूक दुसरी: पुस्तकावरचा आकडा सगळीकडे एकच अर्थाचा आहे असं धरलं. तसं अजिबात नाही. लॅटिनच्या पुस्तकांच्या ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक व्याकरण-आधी, दुसरी वाचन-आधी. मेमोरिया प्रेसचं 'फर्स्ट फॉर्म' पहिल्या जातीचं. त्या एका पुस्तकात नामांचे पाचही गट आणि पहिल्या दोन धातुगणांचे सहाही काळ येतात. हेन्ले नावाच्या जेझुइट पाद्र्याचं १९४५ चं पुस्तक त्याच घराण्यातलं, पण हायस्कूलच्या मुलांसाठी. उलट 'केंब्रिज लॅटिन कोर्स' (१९७०) पॉम्पेईतल्या एका कुटुंबाच्या गोष्टीने सुरू होतो आणि व्याकरण हळूहळू सोडतो. त्याच्या वर्षानुवर्षं वापरात असलेल्या आवृत्त्यांत षष्ठी विभक्ती चक्क दुसऱ्या पुस्तकात येते. म्हणजे केंब्रिजचं पहिलं पुस्तक संपवलेल्या मुलीला परिच्छेद वाचता येईल पण 'मुलीचा' म्हणता येणार नाही, आणि फर्स्ट फॉर्मवाल्या मुलाला षष्ठी पाठ असेल पण परिच्छेद पाहून तो घाबरेल. दोघांनी 'एक पुस्तक' केलंय. दोघांना 'दुसऱ्या पुस्तकात' बसवाल तर दोघेही वेगवेगळ्या भिंतींवर आपटतील.

वर आणखी गमती आहेत. अमेरिकन पुस्तकांत विभक्त्यांचा क्रम प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, पंचमी असा, तर ब्रिटिश पुस्तकांत प्रथमा, संबोधन, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी, पंचमी. एका तालात पाठ केलेला तक्ता दुसऱ्या तालात म्हणून बघा. उच्चारही दोन. जुन्या रोमन उच्चारात किकेरो, चर्चच्या उच्चारात चिचेरो. माणूस एकच! मूल एका पुस्तकातून दुसऱ्यात गेलं आणि अडखळायला लागलं, तर त्याला भाषा येत नाही असं नव्हे, नुसता ताल बदललाय असंही असू शकतं. हे वरवर अनुक्रमणिका चाळून कळत नाही. (द्विवचन मात्र नाही हं लॅटिनमध्ये. देवौ-देवाभ्याम्‌ने छळलेल्यांनी हेवा करावा.)

चूक तिसरी, आणि सगळ्यात मोठी: 'केलंय' आणि 'येतंय' यांत फरक केला नाही.

इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. दहावीला मला संस्कृतमध्ये शंभरात ९७ होते. आठवी ते दहावी, तीन वर्षं. (बघा, माझीही तीनच.) देवः देवौ देवाः झोपेत म्हणता यायचं. निकालाच्या दिवशी आजोबांनी कपाटातून हितोपदेशाची एक जुनी प्रत काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "कुठलीही एक गोष्ट वाच आणि अर्थ सांग." कौतुकानेच म्हणाले हो. मी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीत बसलो. कर्ता कुठे, क्रियापद कुठे, काही कळेना. शब्द ओळखीचे होते. एकही वाक्य ओळखीचं नव्हतं. आजोबा थोडा वेळ थांबले, मग "राहू दे, दमला असशील" म्हणून पुस्तक परत कपाटात ठेवलं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मीही ते पुस्तक पुन्हा उघडलं नाही, ते गेले तरी नाही.

म्हणून भाचा जेव्हा म्हणाला "हे पुस्तकात नाहीये", तेव्हा मला ते कपाट दिसलं. तेच वाक्य मी आजोबांना म्हणालो असतो, फक्त तेवढी अक्कल नव्हती.

तर मग पातळी ठरवायची कशी? आम्ही डिसेंबरात जे केलं ते सांगतो. रविवारची सकाळ, एक तास, पेन्सिल, कागद. पुस्तक नाही, तक्ता नाही. आणि मुख्य म्हणजे 'ही परीक्षा नाही' असं तोंडाने म्हणून डोळ्यांनी परीक्षा घ्यायची नाही.

पहिला प्रश्न: पुएल्लाम नाउता स्पेक्तात. पुएल्ला म्हणजे मुलगी, नाउता म्हणजे खलाशी, स्पेक्तात म्हणजे पाहतो. नुसत्या क्रमाने अर्थ लावणारं मूल सांगतं, "मुलगी खलाशाला पाहते." चूक. पुएल्लाम मधला शेवटचा 'म' सांगतो की मुलगी हे कर्म आहे. "मुलीला खलाशी पाहतो." या एका वाक्यात कळतं की मूल शब्दांचे शेवट वाचतंय की शब्दांची रांग. शेवट वाचत नसेल तर पुढचं सगळं राहू द्या, पहिलं पुस्तक.

दुसरा: बेल्ला म्हणजे 'युद्धं', पुएल्ला म्हणजे 'मुलगी'. दोन्हींच्या शेवटी 'आ'. एक अनेकवचन कसं आणि दुसरं एकवचन कसं? आणि पुएल्लाए या एकाच रूपाचे किती अर्थ होऊ शकतात? (मुलीचा, मुलीला देण्याच्या अर्थी, आणि 'मुली'.) एकच अर्थ सांगून थांबलं तर तक्ता पाठ आहे, पण वापरलेला नाही.

तिसरा: रेक्स म्हणजे राजा, मग 'राजाला' कसं म्हणशील? उत्तर रेगेम. मूळ शब्द रेग-, आणि तो प्रथमेत दिसत नाही, षष्ठीत दिसतो. हा नामांचा तिसरा गट. पहिले दोन गट गाण्यासारखे पाठ असलेली मुलं इथे आपटतात.

चौथा: हाबेत म्हणजे 'त्याच्याकडे आहे'. वर्तमानकाळ. रेगेत म्हणजे 'तो राज्य करील'. भविष्यकाळ! शेवट दोन्हीकडे 'एत'. फरक का? कारण धातूंचे गण वेगळे. हे कारणासकट सांगता आलं तर दुसऱ्या पुस्तकाचा विचार खुशाल करा.

पाचवा: पाच-सहा ओळींचा न पाहिलेला उतारा, दहा मिनिटं. यासाठी ऑर्बर्ग या डॅनिश गृहस्थांचं 'फामिलिया रोमाना' फार उपयोगी. पस्तीस प्रकरणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं लॅटिन, आणि पायरी पायरीने अवघड होत जाणारं. एकेक प्रकरणाचं पहिलं पान वाचायला द्यायचं. जिथे मूल मान वर करून तुमच्याकडे बघायला लागतं, तिथे थांबायचं. दुसरा मार्ग म्हणजे नॅशनल लॅटिन एक्झामचे जुने पेपर. चाळीस पर्यायी प्रश्न असतात आणि जुने पेपर फुकट बघायला मिळतात. पण पर्यायी प्रश्नांत ठोकून देता येतं (आपल्याइतकं हे कोणाला माहीत असणार), म्हणून उतारा सोडू नका.

आमचा निकाल? शब्द भरपूर. दोन तक्ते तोंडपाठ. तिसरा गट शून्य. भविष्यकाळ शून्य. उताऱ्यातल्या सहापैकी दोन वाक्यं. थोडक्यात काय, मालिकेचं पहिलं पुस्तक. मात्र पहिल्या पानापासून गोगलगायीच्या गतीने नाही. जेवढं येत होतं तेवढ्याला आठवड्याला दोन-दोन धडे, नवं आलं की ब्रेक.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित निघाली. पहिल्या प्रश्नात तो चुकला. मग मी त्याला म्हटलं, मराठीत सांग. "मुलीला खलाशी पाहतो" आणि "खलाशी मुलीला पाहतो" यांत फरक काय? तो म्हणाला, काहीच नाही. का नाही? थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "'ला' आहे ना!" बस्स. इंग्रजीत क्रम बदलला की अर्थ बदलतो, म्हणून फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ही कल्पना नव्याने शिकावी लागते. आमच्या पोराच्या तोंडात ती दोन वर्षांचा असल्यापासून आहे. रेक्सचं रेगेम होतं तेही तसंच. घोडा, पण 'घोडाला' नाही, घोड्याला. पाणी, पण 'पाणीत' नाही, पाण्यात. विभक्ती लागण्याआधी शब्द आपलं रूप बदलतो, हे सामान्यरूप आपण कुठलं पुस्तक वाचून शिकलो? तीन वर्षांत त्याच्या 'आधीच्या अभ्यासात' कोणी हे धरलंच नव्हतं, कारण ते कुठल्याच अनुक्रमणिकेत नव्हतं. माझ्या एक्सेलमध्ये तर नव्हतंच. जे येत नव्हतं ते 'केलंय' म्हणून मोजलं, आणि जे खरोखर येत होतं ते मोजलंच नाही. वा रे इंजिनिअर.

आता त्या बाईंकडे वळतो. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या शंका मला पाठ आहेत, कारण ऑगस्टात त्या माझ्याच होत्या.

"मुलगा मागे पडेल." कोणाच्या मागे? शाळेत चाळीस मुलं असतात, त्यांना एकाच गाडीत बसवायचं असतं, म्हणून इयत्ता लागते. तुम्ही शाळा सोडली तीच मुळी ह्या कारणासाठी, की पोराला त्याच्या गतीने जाता यावं. आणि मग घरी बसून पुन्हा 'चौथं वर्ष म्हणजे अमुक पुस्तक' असा तक्ता भिंतीवर लावायचा? यापेक्षा शाळा बरी होती. तिथे निदान मधल्या सुट्टीत मित्र भेटतात.

"पुन्हा तेच केलं तर कंटाळेल." हा मुद्दा खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. तीन वर्षं शिकलेल्या मुलाला घाबरून पुन्हा अगदी शून्यापासून बसवणं हाही अन्यायच. येत असलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा लिहायला लावल्या तर चांगली मुलंही विटतात. पण कंटाळा आणि भीती यांत एक फरक आहे. कंटाळलेलं मूल तुम्हाला येऊन सांगतं, पायाने टेबल वाजवतं, "हे मला येतं" म्हणून वाद घालतं. दोन दिवसांत कळतं, वेग वाढवता येतो. घाबरलेलं मूल सांगत नाही. ते वही मशीनच्या मागे टाकतं. आम्हाला कळायला तीन महिने लागले, आणि आम्ही त्याच्यावर प्रेम करणारी माणसं होतो.

"खालच्या पुस्तकात घातलं तर आत्मविश्वास जाईल." कोणाचा? भाच्याला पहिलं पुस्तक दिलं त्या दिवशी तो जेवला व्यवस्थित. ताईला मात्र रात्री झोप लागली नाही, हे तिनेच मला सांगितलं. त्या एकत्र शिकणाऱ्या आयांमध्ये आपला मुलगा 'दुसऱ्यात' आहे हे ती सांगून बसली होती. आणि आपल्या देशी मंडळींबद्दल तर काय बोलावं. पोरगं स्पेलिंग बीमध्ये कितवं आलं, गणितात कितव्या लेव्हलला आहे, हे जेवणाच्या ताटावर वाढलं जातं. गंमत म्हणजे हीच मंडळी मुलांना कुमॉनला घालतात. तिथे आधी चाचणी घेतात आणि मुलाला सहज जमेल अशा, बरेचदा त्याच्या इयत्तेच्या खालच्या पातळीपासून मुद्दाम सुरू करतात. तिथे कोणाचं नाक कापलं जात नाही, कारण तिथे फी भरलेली असते आणि सांगणारा परका असतो! हीच गोष्ट आईने घरी केली की मूल 'अजून पहिल्याच पुस्तकात'.

माझं असं स्पष्ट मत आहे की चुकीच्या पातळीची बहुतेक पुस्तकं मुलांसाठी घेतलेली नसतात. ती पाहुण्यांसाठी घेतलेली असतात. आणि त्याची किंमत पाहुणे भरत नाहीत. एक पोरगं चार वर्षांनी "मला भाषा जमत नाहीत" असं म्हणून विषय सोडतं, आणि आपण म्हणतो, त्याचा कल नव्हता. कल होता हो. त्याला शिडीच्या पाचव्या पायरीवर उचलून ठेवलं होतं आणि खालच्या दोन पायऱ्या नव्हत्या, एवढंच.

त्या रविवारी मी हे बोलायला हवं होतं. त्या बाईंशी भांडायला नव्हे. लाल कानांनी बसलेल्या पोराला ऐकू जावं म्हणून. नंतर बोललो मी त्याच्याशी, गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा. त्याला म्हटलं, तू आता खरंच वाचतोस, हे त्या मावशींना माहीत नाही, मला माहीत आहे. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण तिसरा गट खूप मोठा आहे मामा." आहे खरा.

आणि आता कबुलीजबाबाचा शेवटचा भाग. गेल्या महिन्यात पुण्याहून येणाऱ्या एका मित्राबरोबर आईकडून आजोबांची ती हितोपदेशाची प्रत मागवून घेतली. म्हटलं, बघू तरी. ९७ मार्क आहेत म्हटल्यावर साहजिकच मधल्या पातळीचं व्याकरणाचं पुस्तक मागवणार होतो. मग लाज वाटली आणि आधी स्वतःची चाचणी घेतली. न पाहिलेला उतारा, दहा मिनिटं, तक्ता नाही. सहापैकी एक वाक्य. भाच्याने दोन केली होती!

तेव्हा सध्या रविवारी जेवणानंतर ताईच्या टेबलाच्या एका टोकाला तो असतो आणि दुसऱ्या टोकाला मी. त्याचं पहिलं पुस्तक, माझंही पहिलंच. उत्तरांची पुस्तकं ताईकडे, आणि या वेळी कपाटाला कुलूप आहे. ते कोणासाठी लावलंय हे तिने अजून सांगितलेलं नाही :-)

उद्या रविवार. तो अकरावा धडा वाचून दाखवणार आहे. मी चौथा.